दैत्याचा बाप्तिस्मा

कैरो, १० जानेवारी १८९४

सुलतानाताई,

तुझं पत्र आणि सुक्या अंजिरांची माळ, दोन्ही सुखरूप पोचलं. अंजीर कारखान्यातल्या लोकांनी दारातच संपवले. पत्र मात्र माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं, आणि त्यात पुन्हा तेच: 'अनेस्ती, चाळिशी आली, लग्न कधी?' ताई, माझं लग्न तंबाखूशी लागलेलं आहे. बायको जरा कडक आहे, पण तक्रार नाही.

आणि हो, मी 'कारखाना' लिहिलंय. दुकान नव्हे! त्या वर्षी तुर्की सरकारनं तंबाखूचा मक्ता परक्या कंपनीला देऊन टाकला, दाजींच्या कोठारावर पहारेकरी बसले आणि मी एक गाठोडं पाठीला मारून इथे उतरलो, ते तुला आठवतंय ना? तेव्हा मी हॉटेलाच्या पायऱ्यांपाशी ताट मांडून इंग्रज साहेबांना सिगारेटी वळून द्यायचो. साहेब नाणं असं फेकायचे, की मला ते धुळीत शोधावं लागायचं. आता तेच साहेब माझ्या दारात येऊन विचारतात, 'मिस्टर अनेस्ती, या आठवड्याचा माल निघाला का?' आणि मी मुद्दाम जरा थांबून उत्तर देतो. एवढा भाव खायचा हक्क मला आहे.

कारागिरांचं मात्र विचारू नकोस. आपले ग्रीक काय, अर्मेनियन काय, सिगारेट वळणारा प्रत्येक जण इथे जावई आहे. जरा आवाज चढवला की टोपी उचलून समोरच्या मोठ्या कारखान्यात जाऊन बसतो. म्हणून इथला शहाणा मालक कारागिरांना बाप्तिस्म्यानं बांधून ठेवतो. ज्याच्या पोराला बाप्तिस्म्यात हातात घेऊन मी धर्मबाप झालो, तो मला सोडून जाईल कसा? अर्ध्या गल्लीचा धर्मबाप झालोय मी. रविवारी चर्चमधून बाहेर पडलो की पोरं खिशांना लोंबकळतात.

डबे भरायचं टेबल आता फोतिनी बघते. आपल्याकडच्या पारिसीसची बायको. तो माझ्याकडेच सिगारेटी वळायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला बिचारा. त्याच्यामागे मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय, म्हणजे नाव नाही, म्हणून रीतीप्रमाणे सगळे त्याला 'दैत्य' म्हणतात. तो त्या नावाला जागतो. काल चाळलेल्या तंबाखूच्या ढिगात जाऊन बसला, शिंकून शिंकून लाल झाला आणि रडायच्या ऐवजी हसला. मी ओरडणार, तेवढ्यात फोतिनी म्हणाली, 'मालक, ओरडू नका. तुमच्या मालाला हसणारं हे पहिलंच गिऱ्हाईक आहे.' फोतिनीची जीभ फार तिखट आहे.

कामाचं लिहितो. मी एक नवी सिगारेट काढतोय, सगळ्यांत उंची. तिच्यासाठी आपल्या टेकडीवरचाच तंबाखू हवा. यंदाचा माल दाजींना दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं.

तुझा,
अनेस्ती


येनिजे, २ फेब्रुवारी १८९४

कारखानदार अनेस्तीसाहेबांस,

तुमच्या ताईला अजून तुमच्याशी बोलायची परवानगी आहे ना?

तुझ्या दाजींनी पत्र ऐकलं आणि दिवसभर छाती काढून फिरले. भेटेल त्याला 'मेहुण्याचा कारखाना' सांगत होते. माल तुलाच मिळेल. पानं दोऱ्यात ओवून, सुकवून झाली आहेत. आता प्रत लावतोय. माझी बोटं अजून काळी आहेत आणि घरभर वास आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

त्या फोतिनीला मी ओळखते! तिच्या लग्नात मी अशी नाचले होते की चप्पल तुटली आणि दाजी आठवडाभर बोलले नाहीत. झिसीस खेचरवाल्यानं त्या दोघांना मुकुट घातले होते. नवरानवरीच्या डोक्यांवरचे मुकुट अदलाबदल करताना त्यानं दोनदा गोंधळ घातला, आणि आम्ही बायका हसत होतो. मग बाप्तिस्मा झिसीसनंच करायला हवा ना? लग्नात जो मुकुट घालतो, पहिल्या मुलाचा धर्मबाप व्हायचा हक्क त्याचा. कैरोला गेल्यावर लोक हेही विसरतात की काय?

आता तुझ्या लग्नाचं. प्रोद्रोमोसची धाकटी, स्माराग्दी. शांत, गोरी, पानं ओवायला हात चलाख. नुसतं 'हो' लिही, बाकी मी बघते. आणि 'तंबाखूशी लग्न' वगैरे मला ऐकवू नकोस. तंबाखू आजारपणात डोक्यावर हात ठेवत नाही.

सुलताना


कैरो, २६ फेब्रुवारी १८९४

ताई,

सोबत डबा पाठवतोय. नव्या सिगारेटचा! झाकण उघडण्याआधी चित्र बघ. मिसरची राणी. इटालियन चित्रकार पंधरवडाभर कारखान्यात ठाण मांडून बसला होता, माझी सगळी कॉफी प्यायला, पण काम झकास केलं. आतला तंबाखू जुना आहे. तुमचा आला की खरी सिगारेट जन्माला येईल. पण डबा बघूनच अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्यानं माल मागितलाय. ताई, मी त्याच्यासमोर अगदी गंभीर चेहरा ठेवला, आणि तो गेल्यावर कारागिरांच्या मध्ये उभा राहून नाचलो. त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला.

स्माराग्दीबद्दल: ती फार गुणी असेल. तिला कुणीतरी चांगला नवरा मिळो.

आता एक आनंदाची गोष्ट. दैत्याचा बाप्तिस्मा ठरला, आणि धर्मबाप मी!

झालं असं. झिसीसला फोतिनीनं दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. कवाला बंदरातून आलेला एक दलाल म्हणाला, झिसीस खेचरासकट नेस्तोस नदीत वाहून गेला. इकडे पाद्रीबाबांचा संयम संपला. पोर चालायला लागलं, बिननावाचं कसं हिंडतं, म्हणून ते भर चर्चमध्ये फोतिनीला बोलले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

'मालक, एक मागणं आहे.'

'पगारवाढ?'

'ती मी मागायच्या आधीच तुम्ही द्यायला हवी होती. हे वेगळं आहे. माझ्या दैत्याला माणसांत आणा.'

मी लगेच 'हो' म्हटलं. बाप्तिस्म्याला 'नाही' कोण म्हणतो? तिनं 'उपकार झाले' म्हटलं आणि डबे भरायला निघून गेली. ईस्टरनंतरचा पहिला रविवार धरलाय. मी मेणबत्ती सांगितली, सोन्याचा क्रूस सांगितला, पांढरे कपडे शिवायला टाकले. नाव बापाचंच ठेवणार, पारिसीस.

सगळं कसं जिथल्या तिथे बसलं. फोतिनी आता घरचीच झाली. फक्त त्या दिवसापासून मला भूक लागत नाही. हवा बदलतेय, त्यानं असेल.

अनेस्ती


येनिजे, १८ मार्च १८९४

अनेस्ती,

डबा आला. जेवायच्या टेबलावर ठेवला. दाजी बराच वेळ राणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'हिला कुठेतरी पाहिलंय.'

मी म्हटलं, 'आपण हिच्या लग्नात जेवलोय.'

हनुवटीवरची खळीसुद्धा सोडली नाही रे त्या इटालियनानं! तो पंधरवडाभर बसला, तेव्हा तू त्याला कुणाकडे बोट दाखवलंस? का त्यानं तू जिकडे बघतोस तिकडे बघितलं? आता हा डबा तू अख्ख्या जगाला विकणार, लंडनचे साहेब खिशात घालून फिरणार, आणि मला लिहितोस, हवा बदलतेय! तुझी आधीची पत्रंही मी काढून वाचली. सुरुवात तंबाखूनं होते आणि मग 'फोतिनी म्हणाली', 'फोतिनी हसली', 'फोतिनीनं मला झापलं'. मी तुला कडेवर घेऊन वाढवलंय, गाढवा. मला शिकवतोस?

नियम तुला माहीत नाही असं नाही. ज्या घडीला तू त्या पोराला तेल लावशील आणि पाण्यातून वर काढून हातात घेशील, त्या घडीपासून त्याची आई तुझी बहीण. कायमची. जगातला एकही पाद्री मग तुम्हा दोघांचं लग्न लावणार नाही. दुसऱ्या कुणाच्याही पोराचा धर्मबाप हो, हवं तर सगळ्या कैरोचा हो! पण याच्या तेलाला हात लावू नकोस. अजून ईस्टर यायचंय. पाद्रीबाबांकडे जा, पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण.

आणि झिसीस मेला, हे मला पटत नाही. तो मेला असता तर त्याची उरलेली खेचरं विकायला निघाली असती, आणि दाजी सगळ्यांच्या आधी तिथे हजर झाले असते.

मी फोतिनीलाही वेगळं लिहितेय. रागावलास तरी चालेल.

सुलताना


कैरो, ३ एप्रिल १८९४

ताई,

तुझं पत्र वाचून मी खूप हसलो, असं लिहिणार होतो. तसं लिहून तो कागद फाडून टाकला.

हो. खरं आहे. तुझ्यापासून काय लपवू? तिचा आवाज खालच्या मजल्यावरून आला की माझा हिशेब चुकतो. सकाळी ती यायच्या आधी मी तिच्या टेबलावरची धूळ पुसतो, मालक असून, आणि कुणी बघितलंच तर झुरळ मारत होतो म्हणतो. पारिसीस माझा माणूस होता. माझ्या कारखान्यात, माझ्या तंबाखूची धूळ छातीत घेऊन तो गेला. त्याच्या बायकोकडे असं बघतो म्हणून पहिले काही महिने मला स्वतःची लाज वाटायची. आता लाज गेली, बाकी सगळं राहिलं.

पण ताई, तू एक गोष्ट विसरतेस. मागणं तिनं घातलं. नियम तिलाही माहीत आहे. तिच्या मनात माझ्याबद्दल तसं काही असतं, तर तिनं स्वतःच्या तोंडानं मला भाऊ हो म्हटलं असतं का? तिनं फार सभ्यपणे, न दुखावता, मला माझी जागा दाखवली. मला ती कळली. आणि दिलेला शब्द मागे घेऊन तिच्या पोराला पुन्हा बिननावाचा ठेवू? गल्लीत लोक म्हणतील, विधवेच्या पोराला मालकानं झिडकारलं. ते माझ्यानं होणार नाही.

मी चांगला धर्मबाप होईन. दैत्य मला आवडतो. परवा त्यानं माझी टोपी पाण्याच्या घड्यात टाकली आणि वर ती दाखवायला मलाच ओढत घेऊन गेला.

माल कधी निघतोय ते कळव.

अनेस्ती


कैरो, ३ एप्रिल १८९४

सुलतानाताई, तुम्हाला नमस्कार.

माझं अक्षर वाकडं आहे, सांभाळून घ्या. तुमचं पत्र मी चर्चच्या अंगणात बसून वाचलं, घरी वाचायचा धीर झाला नाही. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळ लिहिते.

तुमचा भाऊ रोज संध्याकाळी दैत्याला खांद्यावर बसवून आमच्या दारापर्यंत आणून सोडतो. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो. मी 'आत या, कॉफी घ्या' म्हणते. तो 'नको, उशीर झालाय' म्हणतो आणि मग तिथेच उभा राहून बोलत बसतो, त्या वेळात कॉफी पिऊन झाली असती. तो आत येत नाही, कारण समोरच्या कॉफीखान्यात सगळ्यांच्या माना वळलेल्या असतात. मी विधवा, तो मालक, आणखी काय हवं त्यांना? धर्मबाप झाला तर तो आत येईल. टेबलाशी बसेल. कुणी काही म्हणणार नाही.

मला याहून जास्त हवं होतं, ताई. पण तो माझ्याशी बोलतो ते डब्यांबद्दल, कागदांबद्दल, राणीच्या चित्रातल्या निळ्या रंगाबद्दल. मनात काही असतं तर इतक्या दिवसांत एक शब्द बोलला असता. नाहीच मिळणार तर निदान एवढं तरी मिळावं, म्हणून मी मागणं घातलं. मागताना मनात म्हटलं होतं, तो क्षणभर जरी अडखळला, तरी मी शब्द परत घेईन. तो अडखळला नाही. माझं वाक्य संपतं न संपतं तोच त्याचं 'हो' आलं.

तेव्हा आता हा विषय पुरे. ठरल्या रविवारी माझ्या मुलाला नाव मिळेल, त्याच्या बापाचं. मी त्यातच आनंद मानणार आहे. तुमच्यासारखी ताई मला मिळेल, तेही काही कमी नाही.

फोतिनी


कवाला, १४ एप्रिल १८९४

फोतिनी, बाळ,

हे पत्र तुला ज्या माणसानं दिलं, त्याला आधी पाणी दे. तो झिसीस आहे. भूत नव्हे.

तुझं आणि माझ्या दिवट्या भावाचं पत्र मला एकाच थैलीतून मिळालं. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि नवऱ्याला, म्हणजे अनेस्तीच्या दाजींना, वाचून दाखवले. ती म्हणते, त्यानं पटकन 'हो' म्हटलं, म्हणजे त्याच्या मनात काही नाही. तो म्हणतो, तिनं मागणं घातलं, म्हणजे तिच्या मनात काही नाही. दाजी उठून बाहेर गेले. डोळ्यांत धूर गेला म्हणाले. चूल विझलेली होती.

ऐक, माझा भाऊ सकाळी तू यायच्या आधी तुझं टेबल पुसतो. तुझा आवाज आला की त्याची बेरीज चुकते. हे त्यानं स्वतः लिहिलंय. तो धर्मबाप व्हायला तयार झाला, कारण तुला तेवढंच हवंय असं त्याला वाटलं. असा मूर्ख मला देवानं भाऊ म्हणून दिलाय, आणि मी तो तुला द्यायला निघालेय.

आता झिसीसचं. नदीत त्याचं खेचर गेलं, तो नाही. कवालाच्या वखारींत तो गाठी वाहतो हे कळल्यावर मी दाजींबरोबर तडक इथे आले. तुझी दोन्ही पत्रं त्याच्या कमरपट्ट्यात होती. न फोडलेली! मी म्हटलं, 'अहो काका, वाचता येत नाही तर कुणाकडून वाचून घ्यायची.'

तो भडकला. 'का वाचून घेऊ? कागद सरकारकडून येतात, आणि त्यांत चांगलं काही नसतं. फोतिनीनं पाठवलाय म्हणतेस? मग तर आणखी वाईट! बाप्तिस्म्याचं बोलावणं काय कागदावर येतं? ते पायांनी चालत दारात येतं, भाकरी आणि राकी घेऊन येतं. मी मुकुट घातले त्या पोरीला. दीड वर्ष वाट बघतोय मी, कुणी दारात येतंय का म्हणून. ती कैरोला जाऊन मोठी झाली, झिसीसला विसरली.'

फोतिनी, तो खरंच वाट बघत होता! चूक तुझीही नाही. समुद्रापलीकडून भाकरी कशी पाठवणार? पण त्याला समजावत बसण्यापेक्षा मी एका ओळखीच्या घरी गेले, हातानं कणीक मळली, तीळ लावून गोल भाकरी भाजली, राकीची बाटली घेतली आणि पुन्हा त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हटलं, 'झिसीस काका, फोतिनीच्या वतीनं आलेय. तुमचं पोर बिननावाचं हिंडतंय. चला.'

एवढा दांडगा माणूस, भाकरी छातीशी धरून ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून म्हणाला, 'बोट कधी सुटते?'

उद्या सुटते. तो आमच्या तंबाखूच्या गाठींबरोबर निघतोय. वारा बरा असला तर वेळेवर पोचेल, आणि नसला तर मला विचार करवत नाही. तार करणार होते. पण कैरोत तार आधी कॉफीखाना वाचतो आणि मग मालक. शिवाय झिसीसनं तारेचं नाव काढताच 'पुन्हा कागद?' म्हणून भाकरी खाली ठेवली. आता सगळं बोटीवर आणि त्याच्या पायांवर आहे.

हे पत्र मी त्याच्या कमरपट्ट्यात खोचतेय. त्याला सांगितलंय, हे सरकारचं नाही, हे माझं आहे, आणि फोतिनीच्या हातातच द्यायचं.

तुझी (बघू कोण),
सुलताना


कैरो, २५ एप्रिल १८९४

ताई,

तंबाखूच्या गाठी अलेक्झांड्रियाच्या जकातीत अडकल्या आहेत. अडकू देत.

काल सकाळी मी नवा कोट घालून चर्चमध्ये गेलो. सगळा कारखाना आला होता, समोरच्या कारखान्यातलेही निम्मे लोक आले होते, कारण साखरेचे बदाम आपल्याकडे चांगले असतात. रीतीप्रमाणे फोतिनी बाहेर अंगणात थांबली. दैत्य माझ्या कडेवर होता. सैतानाला त्रिवार नाकारून झालं, मी मोठ्यानं नाकारलं. कपडे काढले. पाद्रीबाबांनी पाण्यावर आशीर्वाद म्हटला, तेलाची वाटी उचलली आणि मला म्हणाले, 'अनेस्ती, हात पुढे कर.'

मी केला. खोटं कशाला लिहू, बघत मात्र मी अंगणाच्या दाराकडे होतो. मनात म्हटलं, झालं, आता ती बहीण.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आणि असा आवाज, की वरची कबुतरं उडाली: 'हात मागे घे रे, सिगारेटवाल्या! ते पोर माझं आहे!'

धुळीनं पांढराफटक, मिशा वाऱ्यानं पिंजारलेल्या, एका पायात बूट आणि दुसऱ्यात काहीच नाही, असा झिसीस मधल्या वाटेनं चालत आला. बोट वाऱ्यानं अडली होती म्हणे. सकाळच्या गाडीनं तो कैरोला उतरला आणि स्टेशनवरून पळत आला. दोन बायका किंचाळल्या, कारण त्यांनी त्याच्या नावानं मेणबत्त्या लावल्या होत्या. पाद्रीबाबांनी वाटी खाली न ठेवता विचारलं, 'तू कोण?'

'मी झिसीस. या पोराच्या आईबापांना मी मुकुट घातले. मला बोलावणं आलंय. भाकरी आणि राकीसकट!'

'अनेस्तीला शब्द दिला गेलाय. तू तुझा हक्क त्याला सोडतोस का?'

'जिवंत आहे तोवर नाही. आणि मी जिवंत आहे, हात लावून बघा.'

पाद्रीबाबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या चर्चनं माझ्याकडे बघितलं. लोकांना वाटलं, मालकाचा भर सभेत अपमान झाला, आता भांडण होणार. 'रीत त्याच्या बाजूनं आहे, अनेस्ती,' पाद्रीबाबा हळू म्हणाले. 'तुला बाजूला व्हावं लागेल.'

ताई, मी आयुष्यात बऱ्याच जणांसाठी बाजूला झालोय. पहारेकऱ्यांसाठी, साहेबांसाठी, मोठ्या कारखान्यांच्या गाड्यांसाठी. पण इतक्या आनंदानं कधीच नाही. मी ते उघडंवाघडं पोर झिसीसच्या हातांत ठेवलं आणि त्याला मिठी मारायला गेलो. तो म्हणाला, 'दूर हो, तेल सांडेल.' दैत्यानं त्याच्या मिशा दोन्ही मुठींत पकडल्या त्या पाण्यात तीनदा बुडेपर्यंत सोडल्या नाहीत, त्यामुळे अर्धा बाप्तिस्मा झिसीसचाही झाला.

'पारिसीस!' झिसीस गरजला. पोरांची झुंड नाव सांगायला आईकडे धावली, बदाम सगळ्यांच्या आधी मिळावेत म्हणून. आणि ताई, त्या झुंडीत मीही धावलो. कोटाची शेपटी उडवत, कारागिरांच्या देखत, सगळ्या पोरांना ढकलून.

फोतिनी अंगणात उभी होती. झिसीसनं येता येता तुझं पत्र तिच्या हातात कोंबलं होतं. ते तिनं वाचलेलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की ती रडतेय. पोरं तिच्याभोवती 'पारिसीस! पारिसीस!' ओरडत होती आणि ती न बघता मुठी भरभरून बदाम वाटत होती. मी धापा टाकत समोर जाऊन उभा राहिलो.

तीच आधी बोलली. 'मालक, माझ्या मुलाला तेल कुणी लावलं?'

'झिसीसनं.'

'तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत?'

'तेलाला नाही.'

मागे सगळं चर्च दारात येऊन उभं राहिलं होतं. कॉफीखान्यातले लोक खुर्च्यांवर चढले होते. फोतिनीनं त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

'मग आता तुमचं आणि माझं नातं काय?'

'काहीच नाही,' मी म्हटलं.

'देवाचे उपकार,' ती म्हणाली, आणि माझा हात धरला.

अनेस्ती